इमारतीच्या देखभालीतल्या मधल्या जागा

मुंबईतल्या कोणत्याही उंच इमारतीच्या व्यवस्थापक समितीला जानेवारी आणि जुलै हे दोन महिने विसरून चालत नाहीत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातला ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा याच महिन्यांत अग्निशमन दलाकडे सादर करावे लागते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा हा कागद वर्षानुवर्षे वेळेवर जात होता. लिफ्टचा करार होता, जनरेटरचा होता, पाण्याच्या पंपांचा होता, विजेच्या कामासाठी ठरलेला वायरमन होता आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी अजून संपलेली नव्हती. प्रत्येकाची फाइल वेगळी आणि प्रत्येक फाइल पूर्ण. तरीही तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये भिंतीवरून पाणी ओघळत होते आणि ते कोणी थांबवायचे, हे कोणत्याच फाइलमध्ये लिहिलेले नव्हते.

प्लंबरने आपल्या सगळ्या नळवाहिन्या तपासल्या. त्या कोरड्या होत्या. वॉटरप्रूफिंगवाल्याने गच्चीवर पाणी साठवून पाहिले; गच्ची गळत नव्हती. वायरमनने मीटरच्या फळीवर प्लॅस्टिकचा कागद लावला आणि पाण्याचे काम आपले नाही, असे सांगितले, तेही खरेच होते. शेवटी कळले ते असे: अकराव्या मजल्यावरच्या अग्निशमनाच्या उभ्या पाइपवरील एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, पाणी झिरपत होते. इंटरनेटची केबल ओढणाऱ्या कोणीतरी त्या पाइपच्या डक्टमधून, म्हणजे मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या उभ्या पोकळीतून, शेजारच्या विजेच्या डक्टमध्ये भोक पाडून ते तसेच उघडे ठेवले होते. झिरपलेले पाणी त्या भोकातून पलीकडे जाऊन केबलच्या आधाराने अकरा मजले खाली येत होते.

गोष्ट इथे संपली असती तर मी त्यावर एवढे लिहिले नसते. अग्निशमनाच्या पाइपमध्ये पाणी कायम दाबाखाली ठेवलेले असते. दाब थोडा उतरला की जॉकी पंप नावाचा छोटा पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो, आणि दाब बराच खाली गेला, म्हणजे कोणी खरोखरच पाणी वापरू लागले, की मुख्य पंप सुरू होतो. जॉकी पंप सारखा सुरू-बंद होत असेल तर यंत्रणेत कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. आमचा जॉकी पंप दर थोड्या वेळाने घरघरत असे, पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांची झोपमोड होई, म्हणून केव्हातरी कोणीतरी पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवून ठेवला होता. आवाज बंद झाला आणि त्याबरोबर इमारतीची अग्निशमन यंत्रणा आपोआप सुरू होणेही बंद झाले. प्रमाणपत्र देणारा माणूस वर्षातून दोनदा येई, स्विच ‘ऑटो’वर घेई, पंप चालवून पाही, सगळे ठीक असल्याचे लिहून जाई, आणि रात्री वॉचमन स्विच पुन्हा फिरवत असे. कागद खोटा नव्हता. तो त्या अर्ध्या तासापुरता खरा होता.

या प्रकरणानंतर सर्वसाधारण सभेने सिव्हिल, विद्युत, प्लंबिंग आणि अग्निशमन ही चारही कामे सांभाळणाऱ्या एकाच अभियांत्रिकी कंत्राटदाराकडे देखभाल सोपवण्याचा ठराव केला. सभेत त्यासाठी जे मुद्दे मांडले गेले ते बहुतेक सोयीचे होते: एकच फोन नंबर, एकच बिल, एकच माणूस जाब विचारायला. विद्युत शाखेत नोकरी केलेला माणूस म्हणून माझे मत थोडे वेगळे होते आणि ते आजही तसेच आहे. प्लंबर प्लंबिंग जाणतो, वायरमन वायरिंग जाणतो. त्यांच्या कौशल्यात उणीव नसते. इमारत बिघडते ती दोन कामांच्या मधल्या जागेत. बहुशाखीय कंत्राटदाराला पैसे द्यायचे असतील तर ते या मधल्या जागा सांभाळण्यासाठी, आणि तो त्या सांभाळत नसेल तर चार वेगळे कारागीर स्वस्त पडतात.

मधली जागा म्हणजे काय, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे डक्ट. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार विजेचा डक्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी आगरोधक साहित्याने बंद असावा लागतो, कारण एरवी तो तळापासून गच्चीपर्यंत धूर वाहून नेणारा धुराडा होतो. इमारत बांधताना हे बहुधा केलेले असते. पुढे दरवर्षी कोणी ना कोणी केबल टाकतो, भोक पाडतो आणि निघून जातो. भोक पाडणारा इंटरनेट कंपनीचा, डक्ट विजेचा, स्लॅब सिव्हिलचा आणि परिणाम अग्निशमनाचा. त्यामुळे ते बुजवणारा कोणीच नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे लागलेल्या आगीत सात जण दगावले. तळाशी पार्किंगच्या जागेतला माल आणि वाहने पेटली आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला. आगीत माणसे भाजण्याआधी गुदमरतात, हे अग्निशमन दल सतत सांगत असते, आणि धुराची वाट अडवण्याचे साधन ही भिंत, दरवाजा आणि बुजवलेले भोक अशी अगदी साधी सिव्हिलची कामे असतात. आमच्या नव्या करारात म्हणून एक कलम आहे: कोणतीही केबल कंपनी डक्टमध्ये काम करणार असेल तर कंत्राटदाराकडून लेखी परवानगी घेईल, अनामत ठेवेल, आणि भोक आगरोधक साहित्याने बुजवल्याचा फोटो दिल्यावरच अनामत परत मिळेल. केबल कंपन्या यावर पुष्कळ कुरकुरल्या. कुरकुर करू द्यावी.

दुसरी मधली जागा फक्त अंधारात दिसते. आम्ही आता वर्षातून ठरवून एकदा, रहिवाशांना आधी सूचना देऊन, रविवारी सकाळी इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद करतो. कंत्राटदाराचे विद्युत, अग्निशमन आणि पंपांचे तंत्रज्ञ त्या वेळी एकाच वेळी हजर असावेत, अशी अट आहे, आणि लिफ्ट कंपनीचाही माणूस बोलावलेला असतो. जनरेटर आपोआप सुरू झाला पाहिजे. चेंजओव्हर पॅनेलने, म्हणजे पुरवठा बदलणाऱ्या पॅनेलने, इमारतीचा विजेचा भार त्यावर घेतला पाहिजे. जिन्यातले आणीबाणीचे दिवे लागले पाहिजेत. अडकलेली लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन तिचा दरवाजा उघडला पाहिजे. मग आगीचा अलार्म वाजवायचा. लिफ्टनी तळमजल्यावर येऊन दारे उघडून थांबले पाहिजे आणि फायर लिफ्ट दलाच्या जवानाला स्वतंत्रपणे चालवता आली पाहिजे. शेवटी गच्चीवरच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत दूरच्या व्हॉल्व्हवर दाब मोजायचा. संहितेला तिथे साडेतीन किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब अपेक्षित आहे.

यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या कराराखाली नियमितपणे तपासली जात होती. जनरेटरवाला येऊन जनरेटर चालवून जाई, पण भार न टाकता. लिफ्टवाला लिफ्ट पाही, पण अलार्मच्या पॅनेलकडून तिला येणारी तार त्याच्या कामात बसत नसे, आणि अलार्मवाल्याच्या मते ती तार लिफ्टची होती. पहिल्यांदा ही चाचणी केली तेव्हा जनरेटर सुरू झाला, पण पंप रूमचा दिवा त्याच्यावर जोडलेलाच नव्हता; तंत्रज्ञाला पंपाचे पॅनेल मोबाइलच्या उजेडात शोधावे लागले. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर निघाली. अग्निशमन पंपाचा पुरवठा इमारतीच्या मुख्य स्विचच्या आधी, वेगळ्या वाहिनीने घ्यायचा असतो, कारण आग लागली की अग्निशमन दल पहिल्यांदा इमारतीची वीज तोडते आणि त्याबरोबर पंप बंद पडून चालत नाही. आमच्याकडे मूळ जोडणी तशीच होती. मधल्या काळात पॅनेल बदलताना ती मुख्य स्विचच्या मागे गेली होती. पॅनेल बदलणाऱ्याचे काम सुबक होते, तारांना नंबर होते, अर्थिंग चोख होते. त्याला पंप हा फक्त एक भार होता. करी रोडच्या ६० मजली इमारतीत ऑक्टोबर २०२१ मध्ये आग लागली तेव्हा तिथली यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असे दलाने म्हटले होते. त्या बातमीनंतर अनेक सोसायट्यांनी यंत्रणा बसवलेली असणे आणि चालणे यातला फरक मनावर घेतला.

तिसरी मधली जागा पाणी आणि काँक्रीटची. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्या अल्कतेमुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ती अल्कता कमी करतो, किनाऱ्यावरच्या हवेतले क्षार त्यात भर घालतात, आणि जिथे ओल आहे तिथे सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटचा थर फुटतो. मुंबईतल्या इमारतींत हे बहुतांशी बाथरूम, टॉयलेट आणि गच्चीवरच्या टाकीखाली घडते, म्हणजे जिथे प्लंबिंगची हद्द संपून सिव्हिलची सुरू होते तिथे. नेहमीची पद्धत अशी की छताचा पोपडा पडला की गिलावावाला बोलावून तेवढा भाग भरून घ्यायचा. वरच्या घरातले ड्रेनेज गळतच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारचा भाग पडतो. चांगला बहुशाखीय कंत्राटदार आधी गळती बंद करतो, मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढतो, सळई घासून गंजरोधक लावतो आणि पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरतो. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात.

इथेच एक गोष्ट त्याच्याकडे द्यायची नाही, ती म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, इमारतीच्या सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. त्याखेरीज मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे मालकांवर किंवा भोगवटादारांवर बंधनकारक आहे. हा अभियंता आपण नेमावा, त्याची फी आपण द्यावी, आणि दुरुस्तीच्या कामातून त्याला एक रुपयाही मिळता कामा नये. ऑडिट फुकट करून देतो, असे सांगणारे कंत्राटदार भेटतात. ते फुकट का आहे, हे पुढे दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात दिसते. ऑडिटच्या अहवालातही नुसता रिबाउंड हॅमरचा तक्ता पाहून समाधान मानू नये. हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आतल्या सळईबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी हाफ-सेल पोटेन्शियलची चाचणी लागते; तांबे आणि मोरचूदाच्या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत सळईचे वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता खूप मोठी मानतात. अल्कता कुठवर उतरली आहे ते पाहायला काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फेनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी होईल तो भाग अजून शाबूत.

फ्लॅटच्या आतल्या कामांचा प्रश्न मात्र कोणताही कंत्राटदार समितीच्या पाठबळाशिवाय सोडवू शकत नाही. नवीन बिऱ्हाड आले की इंटेरियरचे काम सुरू होते: छत खाली आणताना आगीवर पाणी फवारणारे स्प्रिंकलर झाकले जातात, एसीच्या पाइपसाठी बीमला भोक पडते, स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी भिंत जाते आणि बाथरूमची जागा बदलते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर नर्सिंग होम असलेल्या जागेत सुरू असलेल्या फेरबदलांत खांबांना हात लागल्याचा आरोप झाला. आमच्याकडे आता काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराचा अभियंता नकाशा पाहतो, काम चालू असताना एकदा आणि संपल्यावर एकदा जातो, आणि त्याची फी फ्लॅटधारकाकडून घेतली जाते. पहिल्याच महिन्यात एका सभासदांनी समितीच्या बैठकीत विचारले, “माझ्या घरात काय चालले आहे, हे बघायला तुम्ही कोण?” अध्यक्षांनी उत्तर दिले, “काका, तुमच्या घराच्या छतावर आमचे घर आहे.” त्या सभासदांनी रागाच्या भरात उपविधींची प्रत मागवली, ती वाचली आणि पुढे स्वतःच नकाशा आणून दिला.

सुरक्षितता म्हटले की आपल्या मनात रहिवासी येतात; काम करायला येणारा माणूस येत नाही. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. ती पाण्याची टाकी होती, ड्रेनेजची नव्हे, ही बाब लक्षात घ्यावी. बंद टाकीत कुजणारे शटरिंगचे लाकूड किंवा गाळसुद्धा ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि कमी ऑक्सिजनला वास नसतो. हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली कोणी उतरायचे नाही, हा सर्वमान्य नियम आहे. मलनिस्सारणाच्या टाकीत त्यात हायड्रोजन सल्फाइडची भर पडते, आणि तो वायू जास्त प्रमाणात असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. माणसाला विनासाधन गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपयांवर नेली. तरीही टाकी साफ करायला नाक्यावरून दोन माणसे आणणे सोसायट्यांमध्ये अजून चालते, कारण ते स्वस्त आहे. आमच्या करारात टाकीचे काम वायुमापकाचे वाचन, हवा खेळवणारा ब्लोअर, कमरेचा पट्टा आणि दोर, बाहेर थांबलेला माणूस आणि लेखी परवाना याशिवाय सुरूच होत नाही. वायुमापक समितीनेही स्वतःचा घेतला आहे. कंत्राटदाराला ते आवडले नाही, पण त्याने पाच मिनिटांत शिकवले कसा वापरायचा ते.

कायद्याच्या पूर्ततेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: कंत्राट दिले की जबाबदारी गेली. अग्निसुरक्षेचा कायदा मालक आणि भोगवटादाराकडे बोट दाखवतो. नोटिशीनंतरही दुरुस्ती झाली नाही तर इमारतीचे पाणी आणि वीज तोडायला लावण्याचा अधिकार अग्निशमन खात्याला आहे, आणि ते पाणी कंत्राटदाराच्या घरचे नसते. मजुरांचा भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा त्याने भरला नाही तरी विचारणा मूळ मालक म्हणून सोसायटीकडे येऊ शकते. म्हणून दर महिन्याच्या बिलासोबत चलनाच्या प्रती मागाव्यात. आमच्याकडे सगळे परवाने आहेत, असे प्रत्येक जण म्हणतो. परवाना कोणाच्या नावावर आहे, हे बघावे. अग्निशमनाच्या कामाला राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना लागतो, विजेच्या कामाला वीज कंत्राटदाराचा आणि पर्यवेक्षकाचा, आणि लिफ्टला शासनाच्या निरीक्षकाची तपासणी वेगळीच. पुष्कळदा बहुशाखीय म्हणवणाऱ्या कंत्राटदाराकडे यातली एकच शाखा स्वतःची असते आणि बाकीची पोटकंत्राटे असतात. त्यात गैर काही नाही, पण ती नावे करारात यावीत आणि बदलली तर समितीला कळावे. लिफ्ट आम्ही मूळ उत्पादकाकडेच ठेवली, कारण तिचे नियंत्रण-सॉफ्टवेअर आणि सुटे भाग बाहेर मिळत नाहीत. कंत्राटदाराचे काम तिथे फक्त सांगड घालण्याचे आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. उपविधींनुसार दुरुस्ती-देखभाल निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, किमान पाव टक्का जमा करायचा असतो. जुन्या बांधकाम खर्चावर हे टक्के काढले की रक्कम हास्यास्पद येते, म्हणून सर्वसाधारण सभेने ती वाढवली. सुटे भाग धरून सर्वसमावेशक करार करावा की फक्त मजुरीचा, यावर आमच्यात बराच वाद झाला. पंप आणि पॅनेलसाठी सर्वसमावेशक करार बरा, कारण बिघाड झाला तर तोटा त्याचा आणि म्हणून तो वेळेवर ग्रीस लावतो. सिव्हिलच्या कामासाठी मात्र तो घेऊ नये. तिथे मोजमाप करून दर द्यावा, नाहीतर प्रत्येक तडा किरकोळ ठरतो.

शेवटचे कलम करार संपण्याबद्दलचे आहे आणि तेच घालून घेताना सर्वांत जास्त ओढाताण झाली. करार संपला की तीस दिवसांत कंत्राटदाराने इमारतीचे अद्ययावत विद्युत आणि अग्निशमन आराखडे, सर्व नोंदवह्या, अलार्म आणि चेंजओव्हर पॅनेलचे पासवर्ड, व्हॉल्व्हच्या जागांचा नकाशा आणि सुट्या भागांची यादी समितीच्या ताब्यात द्यायची, आणि तोपर्यंत शेवटचे बिल अडवून ठेवायचे. आराखडे आपल्या संगणकात आहेत आणि ते आपली मालमत्ता आहेत, असे कंत्राटदाराचे म्हणणे होते. दोन बैठका याच मुद्द्यावर गेल्या. शेवटी आराखडे काढण्याचा खर्च सोसायटीने वेगळा दिला, त्यांवर सोसायटीचे नाव घातले, आणि त्यांची एक छापील प्रत आता पंप रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट करून लावलेली आहे.